नागपुरात ओकचं झाड जगेल काय?

खसताटवा | ११ जानेवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही मुक्तेश्वरला गेलो होतो, कुमाऊंमधे. जिथे उतरलो होतो त्या घरामागे ओकचं जंगल होतं, तिकडे त्याला बांज म्हणतात. खाली पडलेली फळं मी खिशात भरली, टोपी घातलेल्या छोट्या सुपारीसारखी दिसतात. घरी येऊन मोजली तर नऊ निघाली. आता माझी गॅलरी प्रतापनगरात, तीही पश्चिमेची, म्हणजे मे महिन्यात तिथे वाळत घातलेला टॉवेल दहा मिनिटांत पापड होतो. तरी मला ही लावायची आहेत. माझे प्रश्न दोन. एक, नागपुरात ओक जगतो का, कोणी लावून पाहिलाय का? आणि दुसरा, आई (वय ७४) विचारते आहे की ह्याला मराठीत काय म्हणतात. मी म्हटलं ओकच म्हणतात. ती म्हणाली एवढं मोठं झाड आणि मराठीत नाव नाही असं कसं होईल. मला उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे आलो.

तर्रीपोहे | ११ जानेवारी, रात्री १०:२०

ओक. कोणाला? 😄

एक_ओक | ११ जानेवारी, रात्री १०:४१

आलाच का तो जोक. शाळेत दहा वर्षं ऐकलाय, आता पंचेचाळिशीत पण सोडत नाही. मी आडनावाने ओक. चौथ्या मजल्यावर मी गेली बारा वर्षं जगून राहिलो आहे, कुलर लागतो फक्त. तुमचंही झाड जगेल.

धरमपेठी | १२ जानेवारी, सकाळी ८:०५

काहून नाही जगणार? आमच्या सोसायटीच्या गेटपाशी दोन ओक आहेत ना, सिल्व्हर ओक. तीन मजले उंच झाले. मार्च-एप्रिलमधे पिवळे-केशरी फुलांचे ब्रश लागतात त्याले, पाखरं येतात. पाणी कोणी घालत नाही.

वनखातं_निवृत्त | १२ जानेवारी, सकाळी ९:३०

धरमपेठी, तो ओक नाही हो. सिल्व्हर ओक हे नुसतं नाव आहे. ते झाड ऑस्ट्रेलियातलं, ग्रेव्हिलिया रोबस्टा. चहा-कॉफीच्या मळ्यात सावलीसाठी लावतात, कूर्गला किंवा मुन्नारला गेलात तर सगळीकडे तेच दिसेल. गोऱ्या लोकांना लाकडाचा पोत आपल्या ओकसारखा वाटला म्हणून त्यांनी ते नाव दिलं. ओकशी त्याचं नातं इतकंच, जितकं आपल्या एक_ओक साहेबांचं.

खरे ओक म्हणजे क्वेर्कस. जगात त्यांच्या साडेचारशे ते पाचशे जाती आहेत, जवळजवळ सगळ्या उत्तर गोलार्धात. सर्वात जास्त मेक्सिको आणि चीनकडे. भारतात हिमालयात आणि ईशान्येकडे आहेत, पण विंध्याच्या खाली, म्हणजे आपलं सातपुडा, सह्याद्री, निलगिरी, कुठेही मूळचा ओक नाही. तुमच्या आईंचा प्रश्न म्हणून बरोबर आहे आणि उत्तरही त्यातच आहे. जे झाड मराठी मुलखात कधी उगवलंच नाही त्याला मराठी नाव कोण देणार. हिंदी-उर्दूत बलूत म्हणतात, तो शब्द अरबीतून आलेला.

कुमाऊंत मी ट्रेनिंगच्या निमित्ताने दोन महिने राहिलो आहे. तिकडे उंचीप्रमाणे ओक बदलत जातात. बांज साधारण १२०० ते २३०० मीटरला, त्याच्या वर मोरू (काही जण तिलोंज म्हणतात), आणि अगदी वर, देवदाराच्याही वर, खरसू. नागपूर ३१० मीटर. आता तुम्हीच बघा.

तर्रीपोहे | १२ जानेवारी, सकाळी ९:४४

बलूत? म्हणजे बलुतं? बारा बलुतेदारांतला तेरावा 😄

खसताटवा | १२ जानेवारी, सकाळी ११:००

@वनखातं_निवृत्त काका, म्हणजे लावूच नको म्हणता? फळं आणून झाली आहेत हो.

वनखातं_निवृत्त | १२ जानेवारी, दुपारी १:१५

लावा की. शिकायला मिळेल. पण आजच लावा, रविवारची वाट बघू नका. ओकचं बी म्हणजे वालाचा दाणा नाही की डब्यात ठेवलं आणि पावसाळ्यात पेरलं. ते सुकलं की मेलं. आधी बादलीभर पाण्यात टाका. जी तरंगतील त्यात बहुतेक टोकेच्या अळीने पोखरलेली असतात, ती काढून टाका. बुडतील ती आडवी लावा, इंचभर मातीखाली. आणि कुंडी खोल पाहिजे, कारण हे झाड आधी खाली जातं आणि मग वर येतं. वीतभर मूळ गेल्यावर कुठे एखादं पान दाखवेल. उथळ कुंडीत मूळ गोल फिरत बसतं आणि झाड कायमचं खुरटतं.

खसताटवा | १२ जानेवारी, रात्री ९:५०

टाकली बादलीत. नऊपैकी चार तरंगली. एक फोडून पाहिलं, खरंच आत पांढरी अळी, मस्त जाडजूड, मुक्तेश्वर ते नागपूर फुकट प्रवास करून आलेली. उरलेली पाच लावली. प्लंबरने टाकून दिलेला चार इंची पीव्हीसी पाइप होता, त्याचे दीड-दीड फुटाचे तुकडे कापून खाली जाळी बांधली.

सदरचा_सुतार | १२ जानेवारी, रात्री ११:३५

ओकबद्दल माझं दुःख ऐका. तीन वर्षांआधी मी एका शोरूममधून कपाट घेतलं, सेल्समन छातीठोक सांगे की सॉलिड ओक आहे सर, इम्पोर्टेड आहे. मी स्वतः लाकडात काम करणाऱ्याचा पोरगा, बाबा सदरला फर्निचर करत, आणि मी फसलो, बायकोसमोर फसलो हे जास्त. पहिल्याच पावसाळ्यात खालची फळी बिस्किट चहात बुडवावं तशी फुगली. आतून भुसा. वरून ओकच्या रेषांचा कागद चिकटवलेला. आता आपल्याकडे ओक म्हणजे लाकूड नाही, सनमायकाचा एक रंग आहे, कॅटलॉगमधे वॉलनट आणि वेंगेच्या मधे असतो.

खरा ओक बाबांनी एकदा दाखवला होता, कुठल्यातरी जुन्या बंगल्यातून निघालेल्या विलायती टेबलाचा पाय. त्यात जिथे जिथे लोखंडी खिळा होता तिथे भोवती शाई सांडल्यासारखा निळा-काळा डाग. बाबा म्हणाले हे लाकूड लोखंड खाते. ओळखायचं तर असं ओळखायचं.

बल्लारशा_डेपो | १३ जानेवारी, सकाळी ७:५०

सागवानाच्या मुलखात बसून ओकचं कपाट घ्यायला गेले, मग असंच होणार. दिल्लीच्या नव्या संसद भवनात सागवान नागपूरहून गेलं, अयोध्येच्या मंदिराचं सागवान बल्लारपूर डेपोतून, आणि आपण मात्र चिनी भुशाचा ओक घेऊन राहिलो.

एक गोष्ट सांगतो. इंग्रजांचं आरमार ओकवर उभं होतं. नेल्सनचं व्हिक्टरी नावाचं जहाज बांधायला सुमारे ६००० झाडं लागली, बहुतेक सगळी ओक. जंगलं संपत आली तेव्हा ते मुंबईला आले आणि वाडियांच्या गोदीत सागवानी जहाजं बांधून घेऊ लागले. १८१७ चं मुंबईत बांधलेलं त्रिंकोमाली अजून इंग्लंडात तरंगून आहे, हार्टलपूलला. सागवानात तेल असतं, ओकसारखं ते लोखंड खात नाही. सदरच्या सुतारानं सांगितलं तो डाग हीच ओकच्या जहाजांची डोकेदुखी होती.

धंतोली_नाइट | १३ जानेवारी, रात्री १०:३०

एवढं सगळं बोललात आणि ओकचं खरं काम कोणीच सांगितलं नाही. व्हिस्की! स्कॉच म्हणायचं तर ओकच्या पिंपात कमीतकमी ३ वर्षं ठेवावीच लागते, कायदा आहे. बर्बनला, म्हणजे अमेरिकेतल्या मक्याच्या व्हिस्कीला, तर नवं कोरं, आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं, एकदाच वापरायचं. मग तीच जुनी पिंपं स्कॉटलंडवाले विकत घेतात. दारूचा रंग आणि तो व्हॅनिलासारखा वास लाकडाचा असतो, भट्टीतून ती पाण्यासारखी पांढरीच निघते.

सदरचा_सुतार | १३ जानेवारी, रात्री ११:०२

पिंप गळत का नाही तेही ओकचंच वैशिष्ट्य आहे. पांढऱ्या ओकच्या नळ्या आतून फुग्यांसारख्या पेशींनी बुजलेल्या असतात. लाल ओकच्या मोकळ्या. लाल ओकची पट्टी एका टोकाने पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकाने फुंकली तर पाण्यात बुडबुडे येतात, स्ट्रॉसारखे. लाल ओकच्या पिंपात ठेवली तर व्हिस्की जमीनच पिणार.

तर्रीपोहे | १३ जानेवारी, रात्री ११:०५

नागपूरच्या मे महिन्यात पिंप ठेवलं तर ३ वर्षांनी आत काय उरेल?

धंतोली_नाइट | १३ जानेवारी, रात्री ११:२०

हसू नका, खरी अडचण आहे. स्कॉटलंडात पिंपातून वर्षाला २ टक्क्यांच्या आसपास उडून जाते, त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळुरूकडे तोच वाटा १० टक्क्यांच्या घरात. आपल्याकडचे देवदूत चांगलेच पितात.

इतिहासाच्या_बाई | १४ जानेवारी, दुपारी ३:१०

सर्वांना तिळगूळ घ्या. दारूवरून जरा बाजूला येऊ या का? ओकला युरोपात इतका मान का, हे मला शिकवताना नेहमी सांगायला आवडतं. ग्रीसमधे डोडोना नावाचं ठिकाण होतं, तिथे झ्यूसचा ओक होता, पानांच्या सळसळीवरून पुजारी देवाचा कौल सांगायचे. आपल्याकडे देवाला फुलं लावून कौल घेतात तसंच, फक्त तिथे बोलायचं काम वाऱ्याकडे. रोमनांमधे नागरिकाचा जीव वाचवणाऱ्या सैनिकाला ओकच्या पानांचा मुकुट मिळे. जर्मनीत थोर देवाचा ओक होता, आठव्या शतकात बोनिफेस नावाच्या ख्रिस्ती धर्मप्रचारकाने तो सर्वांदेखत तोडला आणि त्याच लाकडाचं प्रार्थनाघर बांधलं. वीज पडून तो तिथेच मरेल म्हणून लोक बघत उभे होते, तसं काही झालं नाही, आणि लोकांनी धर्म बदलला अशी कथा आहे. इंग्लंडात १६५१ मधे लढाई हरलेला दुसरा चार्ल्स राजा एक दिवसभर ओकच्या फांद्यांत लपून बसला, खाली शत्रूचे शिपाई शोधत फिरत होते. तिथे रॉयल ओक नावाचे पब पैशाला पासरी आहेत ते त्यावरून.

झ्यूस, थोर, स्लाव लोकांचा पेरुन, लिथुआनियाचा पेर्कुनास, हे सगळे विजेचे देव, आणि सगळ्यांचं झाड ओक. काही भाषातज्ज्ञ तर क्वेर्कस, पेर्कुनास आणि आपला वेदातला पर्जन्य यांचं मूळ एकच धरतात. सर्वांना ते मान्य नाही, पण मला मोह होतो.

महालकर | १४ जानेवारी, दुपारी ४:००

बाई, पर्जन्याचा ओकशी संबंध असेल तर खसताटवाने आपली पाच झाडं आमच्या महालात लावावी, गेल्या साली नाल्याचं पाणी घरात आलं होतं. नको, त्यापेक्षा नकोच लावू.

धरमपेठी | १४ जानेवारी, संध्याकाळी ६:१५

पॅरिसच्या नोत्र दामचं छत ओकचंच होतं ना? २०१९ मधे जळलं ते?

इतिहासाच्या_बाई | १४ जानेवारी, संध्याकाळी ६:४०

हो. आत इतक्या तुळया होत्या की त्याला जंगलच म्हणत. पुन्हा बांधताना हट्टाने ओकचंच केलं, त्यासाठी फ्रान्सभरातून झाडं निवडून आणली. २०२४ च्या डिसेंबरात चर्च उघडलं.

भामरागडचा_मास्तर | १४ जानेवारी, रात्री ९:२५

बाईंनी छान लिहिलं, पण मले एक सांगा, इतक्या दूर काहून जायचं? देवाचं झाड, विजेचं झाड, बोलणारं झाड, सगळं आपल्या इथं आहे. गोंड लोकांचा बडा देव साजाच्या झाडात राहतो. साजा म्हणजे ऐन, आमच्याकडे येन म्हणतात. मगरीच्या पाठीसारखी साल असते. कडक उन्हाळ्यात काही येनांच्या खोडात पाणी साठलेलं असते, जाणत्या माणसाला फुगवटा पाहून समजते, चीर दिली की नळासारखी धार लागते. मी स्वतः प्यायलो आहे, कसट लागते थोडी पण गार असते. तुमचा ओक हे करून दाखवते काय?

बल्लारशा_डेपो | १४ जानेवारी, रात्री ९:५०

मास्तर, आपला ओक म्हणजे मोह. फुलं खा, दारू काढा, टोळीचं म्हणजे बियांचं तेल काढा, लग्नात मांडवाला फांदी लावा. ओकला नुसती खारींनी खायची फळं.

सोलची_आजी | १५ जानेवारी, सकाळी ६:३०

नुसती खारींनी नाही हो. माझी लेक कोरियात असते, मी सहा महिने तिच्याकडे होते. तिथे ओकच्या फळांच्या पिठाची चौकोनी वडी करतात, तपकिरी, खरवसासारखी लिबलिबीत. दोतोरीमुक म्हणतात. चवीला काही नसते म्हणा, वरून सोया सॉस आणि तिखट घालून खातात. फळं नुसती खाल्ली तर तोंडात कच्च्या जांभळासारखं बसतं, म्हणून दळून कितीतरी पाण्यांतून धुतात तेव्हा तुरटपणा जातो. शेजारची बाई टेकडीवरून फळं वेचून आणायची, पण तिथे पाट्या लावल्या होत्या की खारींसाठी ठेवा. मला गंमत वाटली. आपल्याकडे मोह वेचताना अस्वलासाठी कोण ठेवतं.

भामरागडचा_मास्तर | १५ जानेवारी, सकाळी ७:१०

अस्वल आपला वाटा घेतेच आजी, विचारत नाही.

वनखातं_निवृत्त | १५ जानेवारी, सकाळी १०:००

मास्तरांचा मुद्दा बरोबर आहे पण बांजला कमी लेखू नका. कुमाऊंतल्या बाईच्या दिवसाची सुरुवात बांजने होते. पाला गाई-म्हशींना, फांद्या चुलीत, खाली पडलेली पानं गोठ्यात अंथरायची आणि त्याचंच खत शेतात. कोयता-कुदळीचा दांडा बांजचा. आणि पाणी. तिथला कोणताही म्हातारा सांगेल की झऱ्याचं पाणी बांजच्या मुळातून येतं. मुळातून येत नाही अर्थात, पण पानांचा जाड थर पावसाचं पाणी धरून ठेवतो आणि हळूहळू खाली सोडतो, म्हणजे म्हातारा फार चुकत नाही. जिथे चीड (पाइन) वाढला तिथे तक्रार वेगळी, त्याच्या सुया माचिसच्या काड्यांसारख्या पेटतात. इंग्रजांच्या काळापासून लिसा म्हणजे राळ आणि रेल्वेच्या स्लीपरसाठी चीडला जपलं गेलं, बांज कोळशात आणि चुलीत गेला. आजही चीड विरुद्ध बांज हा तिकडचा मोठा वाद आहे. इथे तूर विरुद्ध सोयाबीन तसा.

कोसा_आरमोरी | १५ जानेवारी, दुपारी २:२०

मास्तरांनी येनाचं नाव काढलं म्हणून लिहितो. आमचा धंदा कोशाचा. ढिवर समाजाची माणसं येन आणि अर्जुनावर अळ्या सोडतात, दिवसभर गोफण घेऊन पाखरं हाकलतात, पिढ्यान्पिढ्या चालू आहे. त्यातून आपला टसर, म्हणजे कोशाचं रेशीम, निघतो. आता गंमत अशी की मणिपूर-उत्तराखंडकडे टसर आहे तो ओकवर. त्याला ओक टसरच म्हणतात, अळी वेगळी, चिनी आणि देशी जातीचा संकर करून तयार केलेली. धागा आपल्यापेक्षा फिका आणि मऊ. एका ट्रेनिंगमधे दोन्ही कोसे हातावर ठेवून पाहिले. आपला मोठा, कडक, देठासकट, सुपारी वाजवावी तसा टणक. त्यांचा लहान. त्यांच्या मास्तरने विचारलं तुमच्याकडे ओक नाही मग काय खाते अळी? मी म्हटलं तुमच्याकडे येन नाही मग काय खाते?

पुणेरी_पाहुणा | १५ जानेवारी, रात्री ८:००

धाग्याचा विषय नागपुरात ओक जगेल का हा होता, असं अंधुक आठवतंय.

तर्रीपोहे | १५ जानेवारी, रात्री ८:०१

पुण्याचे आले, आता नियमानं चालेल.

इतवारी_काष्ठौषधी | १६ जानेवारी, दुपारी १२:४५

मी चार दिवसांपासून वाचून राहिलो आणि वाट पाहून राहिलो की कोणीतरी म्हणेल. कोणीच म्हटलं नाही, म्हणून मीच सांगतो. खसताटवा, तुमच्या आईला सांगा, ओकचं मराठी नाव नाही, पण ओक त्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या आहे. बाळगुटीच्या डबीत.

मायफळ.

आमचं इतवारीत आजोबांपासून दुकान आहे, दर आठवड्याला गुटीचे पुडे बांधतो. हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, मायफळ, हळकुंड, ज्येष्ठमध, काकडशिंगी वगैरे. लोकांना वाटतं मायफळ हे फळ. ते फळ नाहीच. इराण-तुर्कस्तान-सीरियाकडे ओकची एक झुडपासारखी जात आहे. एक बारकी गांधीलमाशी तिच्या कोवळ्या फांदीत अंडं घालते. मग झाड त्या अळीभोवती गोळा तयार करतं, तीच खोली आणि तेच जेवण. मोठी झाली की माशी भिंत पोखरून उडून जाते. हिंदीत माजूफल. पुढल्या वेळी मायफळ हातात घेतलं की नीट पाहा, अंगावर बारीक टेंगळं असतात, आणि काहींना सुईच्या जाडीचं गोल भोक असतं. त्या भोकातून माशी गेली. भोक नसलेलं मायफळ जड असतं आणि महाग. आजोबा निवडताना एकेक कानाशी हलवून बघत, वाजलं तर आत वाळलेली माशी.

खसताटवा | १६ जानेवारी, दुपारी १:३०

थांबा. हे आईला वाचून दाखवलं. ती काही न बोलता उठली, कपाटातून डबी काढून आणली. माझ्या मुलीची गुटीची डबी, मुलगी आता इंजिनिअरिंगला आहे. मायफळ निघालं, एका बाजूने सहाणेवर झिजून सपाट झालेलं, आणि दुसऱ्या बाजूला भोक!! आई म्हणते म्हणजे मी नातीला गांधीलमाशीचं घर उगाळून पाजलं की काय.

एक_ओक | १६ जानेवारी, दुपारी १:४५

म्हणजे आम्ही ओक लोक तुम्हा सगळ्यांच्या पोटात लहानपणीच गेलो आहोत. आता करा जोक.

तर्रीपोहे | १६ जानेवारी, दुपारी १:४७

म्हणूनच बाळं ओकतात 😄

एक_ओक | १६ जानेवारी, दुपारी १:४८

🙏

डॉक्टर_लक्ष्मीनगर | १६ जानेवारी, रात्री ९:००

मी बालरोगतज्ज्ञ आहे, रसभंग करते. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, गुटी नाही, पाणीसुद्धा नाही. सहाण धुतलेली नसते, कांड्या वर्षानुवर्षं डबीत, आणि बाळाला जुलाब लागले की आजी म्हणते मायफळाचे दोन वेढे जास्त दे. मायफळ तुरट आहे, निम्म्याहून जास्त टॅनिन असतं त्यात, हे मान्य. पण तान्ह्या बाळाच्या जुलाबावर उपाय ओआरएस आणि डॉक्टर.

इतवारी_काष्ठौषधी | १६ जानेवारी, रात्री ९:२०

डॉक्टर, तुमच्या आईनं तुम्हाला दिली असेल ना?

डॉक्टर_लक्ष्मीनगर | १६ जानेवारी, रात्री ९:३१

दिली होती. मी तिलाही हेच ऐकवलं. ती अजून रागावलेली आहे.

केमिस्ट्री_लॅब | १७ जानेवारी, संध्याकाळी ५:५५

आता सदरच्या सुताराच्या खिळ्याकडे परत या, कारण दोन्ही गोष्टी एकच आहेत. टॅनिन आणि लोखंड भेटले की काळं होतं. ओकच्या लाकडातही टॅनिन, म्हणून खिळ्याभोवती डाग. मायफळात तर कितीतरी जास्त. यावरच युरोप हजार वर्षांहून जास्त काळ लिहीत होता. मायफळ आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) पाण्यात, घट्ट व्हायला बाभळीच्या जातीचा डिंक, की शाई तयार. जुनी हस्तलिखितं, करारनामे, सगळं त्याच शाईत. आपल्याकडे कलमकारीचे कारागीर काळा रंग हिरडा आणि लोखंडाने करतात, तत्त्व तेच.

आज कॉलेजात करून पाहिली. इतवारीतून पाच मायफळं आणली, खलबत्त्यात फोडली (दगडासारखी असतात, एक उडून सरांच्या टेबलाखाली गेलं), रात्रभर भिजवली. चहासारखं पाणी आलं. त्यात चिमूटभर हिराकस टाकलं आणि ढवळायच्या आत जांभळट काळं. बोरूने कागदावर लिहिलं तर आधी फिकट राखाडी, दिसे ना दिसे. पोरं म्हणाली मॅडम फेल गेलं. मी म्हटलं डबा खाऊन या. परत आलो तर अक्षर काळंभोर. हवेतला प्राणवायू लागतो त्याला. धुवून पाहिलं, जात नाही. माझ्या ओढणीवरचंही जात नाही.

सदरचा_सुतार | १७ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, मी सांगितलं होतं ना, खाते म्हणून.

महालकर | २८ एप्रिल, रात्री १०:१०

धागा वर काढतो. खसताटवा, पाइपांचं काय झालं? काल ४४ होतं.

खसताटवा | २९ एप्रिल, सकाळी ७:००

काय सांगू. पाचपैकी तीन उगवले मार्चमधे. काका म्हणाले तसंच, आधी कितीतरी दिवस काहीच नाही, मी रोज उकरून पाहायचो, मग आई ओरडली. एकाचं मूळ पाइपच्या खालच्या जाळीतून बाहेर आलं होतं तेव्हा वर फक्त दोन पानं! पान वरून हिरवंगार, खालून पांढरट लव, कुत्र्याच्या पिलाच्या कानासारखं. एक रोप एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच गेलं, एका दुपारी. सकाळी बरं होतं, ऑफिसमधून आलो तर तपकिरी. उरलेले दोन आता घरात, कुलरच्या समोर, वाळ्याच्या ताटव्याच्या मागे. बायको म्हणते पाहुण्यांनाही इतकी हवा लागत नाही.

वनखातं_निवृत्त | २९ एप्रिल, सकाळी ९:१५

कुलर ठीक पण उजेड हवा. पूर्वेच्या खिडकीत ठेवा, सकाळचं दोन तास ऊन. पाणी साचू देऊ नका. रात्री तापमान खाली येत नाही हाच खरा त्रास आहे, आपली रात्रही तिथल्या दुपारपेक्षा गरम असते.

खसताटवा | ३ जुलै, रात्री ११:०५

मे महिन्यात आणखी एक गेलं. एकच राहिलं. त्याची पानं नवतपात कडेने करपली, मला वाटलं संपलं, पण जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस आला आणि शेंड्याला बारीक गुलाबीसर पान फुटलं. आता एकूण पाच पानं आहेत. आई रोज त्याच्याशी बोलते. परवा विचारत होती ह्याला मायफळं कधी लागतील.

इतवारी_काष्ठौषधी | ३ जुलै, रात्री ११:२०

आईंना सांगा जात वेगळी आहे, आणि माशी इराणहून आणावी लागेल.

वनखातं_निवृत्त | ४ जुलै, सकाळी ८:३०

एक उन्हाळा काढला म्हणजे बहाद्दर आहे. पण स्पष्ट सांगतो, दुसरा काढेलच असं नाही, आणि काढला तरी हे झाड गॅलरीत पाच पानांचंच राहील. बांज शेकडो वर्षं जगू शकतो. त्याला कुलरसमोर बसवून काय मिळवाल? तिकडे कोणाच्या शेताच्या बांधावर पोचवा.

खसताटवा | ४ जुलै, रात्री ९:४०

घरात यावर दोन दिवस चर्चा झाली. आई आधी तयार नव्हती. मग तीच म्हणाली की लेक सासरी देतो तसं दे. मुक्तेश्वरच्या त्या घरमालकिणीला फोन केला, ती हसली भरपूर, म्हणाली इथे लाखो आहेत आणि तुम्ही एक घेऊन येणार? पण या म्हणाली. दिवाळीनंतर जातोय, नागपूर-दिल्ली रेल्वेने आणि पुढे काठगोदामपर्यंत. पाइपसकट न्यावं लागेल, मूळ हलवायचं नाही. आता शेवटचा प्रश्न. स्लीपरमधे न्यावं की एसीत? स्लीपरमधे खिडकी आणि उजेड मिळेल, एसीत जागा आहे पण कोंडलेलं.

धरमपेठी | ४ जुलै, रात्री ९:५२

एसीत ने गा. जन्मापासून पयल्यांदा त्याले घरच्यासारखं वाटन.

पुणेरी_पाहुणा | ४ जुलै, रात्री ९:५५

तिकीट लागेल का त्याला?

तर्रीपोहे | ४ जुलै, रात्री ९:५६

पाच वर्षांखालचं आहे. फुकट.